तीन संच आणि एक बांगडी

"साडेतीन फूट," रोहिणी म्हणाली आणि तिनं मोजपट्टीचं टोक सोडलं. पट्टी सर्रकन माझ्या हातातल्या डबीत परत आली. "खिडकी आणि दार यांच्यामध्ये एवढीच भिंत आहे. यात बसेल तेवढं तुमचं. बाकी हॉल माझा."

नव्या फ्लॅटचा हॉल दहा बाय बारा होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता. मी ती भिंत पुन्हा एकदा मोजली, कारण पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्यानं घेतलेलं माप पटत नाही. साडेतीन फुटांना अर्धा इंच कमीच भरली. तो अर्धा इंच मी तिला सांगितला नाही.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो आणि साताऱ्यात माझ्या कानांना नाव होतं. सदर बझारातल्या आमच्या बंगल्यात दर रविवारी सकाळी आठ-दहा माणसं गाणं ऐकायला जमायची. समोर माझे दोन स्पीकर असत. चौऱ्याऐंशी साली मी ते सुताराच्या डोक्यावर बसून सागवानात बांधून घेतले होते, एकेक लहान फ्रिजएवढा. कुठला तबला कुठल्या खोलीत ध्वनिमुद्रित झालाय, गवयानं कुठं श्वास चोरलाय, हे मी सांगायचो आणि मंडळी माना डोलवायची. जगदाळेसाहेबांच्या कानातून काही सुटत नाही, असं लोक म्हणायचे. लोक विसरले तर मीच आठवण करून द्यायचो.

मग रोहिणीच्या गुडघ्यांनी संप केला. बंगल्यात झोपायची खोली वर होती. वर्षभर तिनं कठड्याला धरून दिवस काढले आणि शेवटी आम्ही बंगला विकून पोवई नाक्याजवळ लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला. स्पीकर तिथं दारातून आतच जात नव्हते. कोरेगाव रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयानं ते नेले. त्यांनी त्यांवर फुलदाण्या ठेवल्याचं पुढं कानावर आलं. मी तिकडच्या लग्नांना जाणं सोडलं.

रोहिणी टेलिफोन खात्यात होती. आधी ट्रंक ऑपरेटर, मग एकशे सत्त्याण्णव नंबरवर चौकशीला. जिल्ह्यातले वकील, व्यापारी, आमदार तिला एका 'हॅलो'वरून ओळखू यायचे. पण ती तिची नोकरी होती. घरात गाणं ऐकणारा मी, आणि चहा करणारी ती, अशी वाटणी लग्नापासून ठरलेली होती. कुणी ठरवली होती, ते मला त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

साडेतीन फुटांत मावेल असा उत्तम संच शोधण्यात मी तीन महिने घातले. दोनशे पानी वही केली. छोट्या घरासाठी छोटा, पण आवाजात कसलीही तडजोड न करणारा, असे संच आता मिळतात हे मला तेव्हाच कळलं. तांदळाच्या डब्याएवढे दोन स्पीकर आणि जाडजूड शब्दकोशाएवढा अॅम्प्लिफायर, बस. पुण्यात एका दुकानात असे तीन संच एकाच खोलीत लावून ऐकवतात असं समजलं. मी वेळ ठरवली आणि नाना करंबेळकरला बरोबर घेतलं.

नाना म्हणजे आमच्या रविवारच्या बैठकीतला दुसरा कान. पेशानं दंतवैद्य. चाळीस वर्षं लोकांचे दात कोरून तो नुकताच निवृत्त झाला होता. मी एखादी जागा दाखवली की नाना तिच्यात आणखी एक जागा दाखवायचा. त्यामुळं आमचं जमायचंही आणि जमायचंही नाही.

"मीपण येणार," रोहिणी म्हणाली.

"तू येऊन काय करणार? चार तास तेच तेच ऐकायचं असतं."

"घरात मलाही राहायचंय. तुमचं आवडतं काय ते तुम्ही ठरवा. मी फक्त ऐकीन."

नानाच्या गाडीतून निघालो. पुढं आम्ही दोघं, मागं रोहिणी आणि डब्यातली थालीपीठं. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत नानानं मला दोनदा ऐकवलं होतं की खरी परीक्षा तंबोऱ्याच्या जोडीवर घ्यावी. मी त्याला दोन्ही वेळा ऐकवलं, की परीक्षा बांगडीवर होईल.

ही बांगडी काय ते सांगायला हवं. शहाऐंशी साली मिरजेचे एक बुजुर्ग सारंगीवादक आमच्या बंगल्यात वाजवून गेले. दादामियाँ म्हणायचे त्यांना. पूरिया धनाश्री वाजवला. मी ती मैफल कॅसेटवर घेतली होती. विलंबितात एका ठिकाणी त्यांनी गज उचलला, सारंगी क्षणभर थांबली, आणि नेमक्या त्या क्षणी रोहिणीनं चहाचा ट्रे खाली ठेवला. तिच्या काचेच्या बांगड्या ट्रेच्या कडेला लागल्या. छन्. एवढंच. पण ते इतकं सुरात पडलं होतं, की दादामियाँ हसले आणि त्यांनी पुढचा स्वर तिथूनच उचलला. रविवारी कुणी नवा माणूस आला की मी ती कॅसेट लावायचो. ती जागा जवळ आली की तर्जनी वर करायचो. छन्. सगळे "वा" म्हणायचे. हलक्या संचावर ती बांगडी ऐकूच यायची नाही, खरखरीत बुडून जायची. माझ्या संचावर ती स्वच्छ यायची. त्या बांगडीवर माझी सारी प्रतिष्ठा उभी होती म्हणायला हरकत नाही.

आमची मुलगी तेजस्विनी बेंगळुरूला असते. तिनं तिच्या ऑफिसातल्या कुणाकडून ती कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊन मला पाठवली होती. घरचा संच गेलेला, त्यामुळं मी ती अजून ऐकली नव्हती. पण त्यात नवं ऐकायचं होतं काय? मला ती मैफल तोंडपाठ होती.

दुकान एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. ऋजुता पाटसकर नावाची तिशीतली मुलगी ते चालवत होती. मी मालक कुठंयत असं विचारलं. ती म्हणाली, "मीच, काका. बसा." नानानं माझ्याकडं पाहिलं. मी नानाकडं पाहिलं. रोहिणी बसली.

तिनं आधी आमच्या हॉलचा नकाशा मागितला. मी प्रमाणात काढूनच नेला होता. ती तो बघून खूश झाली. "छोट्या खोलीत मोठा आवाज कोंडतो," ती म्हणाली. "खालचे स्वर कोपऱ्यात साठतात आणि घुमत राहतात. म्हणून छोट्या घरात छोटाच संच हवा. आणि भिंतीला चिकटवायचा नाही, वीतभर पुढं ठेवायचा."

"पाणी तुंबतं तसं," मी म्हणालो.

"अगदी तसं."

मला ती मुलगी आवडायला लागली.

तिनं समोर पातळ काळा पडदा ओढला. पडद्यामागं तीन संच होते, अ, ब आणि क. कुठला कुणाचा, केवढा, कसा दिसतो, काही कळू द्यायचं नाही, कारण डोळे कानांना फसवतात, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, "आमच्या कानांना फसवणं अवघड आहे." रोहिणीनं पदरानं चष्मा पुसला.

पेन ड्राइव्ह लावला. पहिल्यांदा अ. सारंगी उघडली आणि माझ्या अंगावर काटा आला. दादामियाँ समोर येऊन बसले होते. ती जागा जवळ आली. मी तर्जनी वर केली. गज उठला. मी कान टवकारले. पुढचा स्वर आला.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण बांगडी जरा मागं राहिली."

"मागं राहिली," नाना म्हणाला. "आहे, पण मागं आहे."

ऋजुतानं काहीतरी लिहून घेतलं. रोहिणी माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. मला वाटलं, तिला कंटाळा आला असावा.

मग ब. पुन्हा तेच आलाप, तीच जागा. या वेळी मी डोळे मिटले. गज उठला आणि त्या शांततेत, अगदी हाताच्या अंतरावर, ती आली. छन्. काचेचा तो बारीक थरथरता कण हवेत सुटला आणि विरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आली," मी म्हणालो. "काय स्वच्छ आली. नाना?"

"किती बांगड्या होत्या, तेसुद्धा सांगता येईल," नाना म्हणाला. "चार."

"सहा," मी म्हणालो.

ऋजुतानं वहीतून डोकं वर काढलं. ती काहीतरी विचारणार होती. तेवढ्यात रोहिणी म्हणाली, "मुली, जरा पाणी देतेस? घसा कोरडा पडलाय." ऋजुता पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा दोघी एकमेकींकडं क्षणभर बघत राहिल्या, आणि ऋजुतानं मला काहीच विचारलं नाही.

क संच मी शिष्टाचार म्हणून ऐकला. माझा निर्णय झाला होता. पडदा बाजूला झाला तेव्हा ब हाच तिघांतला सर्वांत देखणा निघाला. अक्रोडाच्या लाकडाचे स्पीकर, चंदेरी बटणं. मी खिशातून पेन काढलं.

"दोन दिवस विचार करू," रोहिणी म्हणाली.

"विचार करून झालाय."

"तुमचा झालाय. माझा व्हायचाय." आणि ऋजुताला म्हणाली, "शनिवारपर्यंत ठेवशील ना हा बाजूला?"

"ठेवते, काकू," ऋजुता म्हणाली. जरा जास्तच लगेच म्हणाली.

परतीच्या वाटेवर घाट चढेपर्यंत मी बोललो नाही. नानाच बोलत होता. मागच्या सीटवरून थालीपीठाचा वास येत होता आणि मी ते खायला नकार दिला होता. एवढ्या वर्षांत मी एक गोष्ट स्वतःसाठी मागितली होती आणि ती चार माणसांसमोर अडवली गेली होती, असं मला वाटत होतं. आपण अन्याय सोसतो आहोत ही भावना मोठी सुखाची असते. मी ती साताऱ्यापर्यंत जपून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. ती भाजी चिरत होती.

"तुला तो संच नको होता तर आधी सांगायचं होतंस," मी म्हणालो. "तिथं माझी शोभा कशाला केलीस?"

तिनं विळी आडवी करून ठेवली. "बसा."

"मी उभा बरा आहे."

"बसा म्हणते."

मी बसलो.

"तेजूनं मला दोन आठवड्यांपूर्वी फोन केला होता. तो कॅसेट उतरवणारा मुलगा फार हौशी निघाला. त्यानं खरखर काढली, खोकणं काढलं, बाहेरची रिक्षा काढली. आणि मध्येच कसलातरी खणखणाट येत होता, म्हणून तोही काढून टाकला. तेजूला उशिरा कळलं. ती घाबरली होती. म्हणाली, बाबांना कसं सांगू? मी म्हटलं, सांगू नकोस, मी बघते."

"कसला खणखणाट?" मी म्हणालो.

"बांगडी त्यात नाहीच," ती म्हणाली. "अ मध्ये नाही, ब मध्ये नाही, कुठंच नाही. काल मी जीव मुठीत धरून बसले होते. आता तुम्ही ओरडणार, माझी बांगडी कुठंय म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, मागं राहिली."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मला ते ऐकू येत होतं, हे मी मुद्दाम लक्षात घेतलं.

"मी खोटं बोललो नाही," मी म्हणालो.

"मला माहीत आहे."

"मला ऐकू आली, रोहिणी. खरोखर आली."

"तेही माहीत आहे. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं." ती थांबली. "तुम्ही आता ऐकत नाही हो. तुम्ही आठवता. सगळं पाठ आहे तुम्हाला, त्यामुळं ऐकायची गरजच पडत नाही."

"कधीपासून?"

"चार-पाच वर्षं झाली असतील. बंगल्यातली दारावरची बेल दोन वर्षांत तीनदा बदलली ती काय मला हौस होती? पातळ आवाजाची तुम्हाला कळायची नाही. शेवटी ती देवळातल्या घंटेसारखी आणली, तेव्हा तुम्ही उठून दार उघडायला लागलात. मला पाठमोरं राहून तुमच्याशी बोलता येत नाही. तुमच्या रविवारच्या मंडळींत ते खालच्या आवाजात बोलणारे निकमसर आहेत ना, त्यांच्या प्रत्येक वाक्याला तुम्ही 'अगदी बरोबर' म्हणता. परवा त्यांनी बायको आजारी असल्याचं सांगितलं."

मी ते सगळं ऐकलं. एकही शब्द सुटला नाही, कारण ती माझ्या समोर बसून, माझ्याकडं तोंड करून, नीट जोखून बोलत होती. गेली चार-पाच वर्षं ती असंच बोलत आली होती आणि मला वाटत होतं की वयानं ती शांत झालीय.

"काल तिथं का नाही बोललीस?"

"नानांच्या देखत?" ती म्हणाली आणि विळी पुन्हा सरळ केली.

डॉक्टर अवसरेबाईंकडं गेलो. कानांच्या तपासणीला एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवतात. कानात बारीक आवाज सोडतात आणि आवाज आला की बटण दाबायचं असतं. पहिली दोन-तीन मिनिटं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की बाई साधारण पाच-पाच सेकंदांनी आवाज सोडतात. आयुष्यभर आकडेमोड केलेला माणूस. मी मनात पाच मोजून बटण दाबायला लागलो.

दार उघडून बाई आत आल्या. "काका, आता मी मशीन बंद करून फोनवर बोलत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यातही सहा वेळा बटण दाबलंत."

दाराबाहेर बाकावर रोहिणी बसली होती. तिच्या खांद्यांच्या हालचालीवरून मला समजलं की ती हसतेय.

आलेख हातात आला. डावीकडं सगळं बरं होतं, खालचे स्वर शाबूत. मध्यापासून रेघ जी खाली गेली, ती धरणाच्या सांडव्यासारखी. उंच, बारीक स्वर तिथं नव्हतेच. काच, घंटी, पक्षी, आणि माणसाच्या बोलण्यातली स, श, त, फ ही अक्षरं. कानांत घालायची यंत्रं करून यायला तीन आठवडे लागणार होते.

"संच आता यंत्रं आल्यावर बघू," मी रोहिणीला म्हणालो.

"शनिवारपर्यंत ठेवायला सांगितलाय ना? ती पोर वाट बघत बसेल. जाऊन सांगून येऊ."

या वेळी आम्ही दोघंच एसटीनं गेलो. नानाला कळवलं नाही.

ऋजुताला मी सगळं सांगून टाकलं. बोलायला सोपं जावं म्हणून एका दमात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, त्या दिवशी मी गोंधळलेच होते. मला वाटलं, माझेच कान गेले."

"मग आता काय करायचं?"

"तुम्हाला पाठ नसलेलं काहीतरी लावू." ती रोहिणीकडं वळली. "काकू, तुम्हाला काय ऐकायला आवडतं?"

"हिला सगळंच चालतं," असं मी म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आधी रोहिणीच बोलली.

"लावणी," ती म्हणाली. "बैठकीची नको. फडावरची, ढोलकीची. मोठ्या आवाजात."

खोलीत शांतता पसरली. ही मला ऐकू आली.

"तुला लावणी आवडते?"

"आवडते."

"अडतीस वर्षांत कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. एक्स्चेंजमध्ये डबा खाताना आम्ही सगळ्या ट्रान्झिस्टर लावायचो. निम्म्या मला पाठ होत्या. घरी तुमचं ते मोठं गाणं चाललेलं असायचं. त्यात मध्येच कुठं सांगायचं?"

ऋजुतानं शोधून एका लहानशा फडाचं ध्वनिमुद्रण काढलं. आम्ही तिघांनीही पूर्वी न ऐकलेलं. अ संचावर लावलं. ढोलकी सुरू झाली आणि ती मला अंगठ्यापासून कळली, काही प्रश्नच नव्हता. मग बाई गायला लागली. आवाज कळत होता, ठसका कळत होता. पण शब्द म्हणजे नुसता ओला कापूस. मी डोळे मिटून पाहिलं. आठवायला मागं काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गाण्यासमोर मोकळ्या हातांनी बसलो होतो.

"काय म्हणतेय ती?" मी शेवटी विचारलं.

ट्रंककॉलच्या काळात लाइन फार खराब असली आणि पलीकडचं ऐकू येईना, तर ऑपरेटर मध्ये बसून एकाचा निरोप दुसऱ्याला सांगायची. आवाजात स्वतःचं काही मिसळायचं नाही, सपाट सांगायचं आणि तीन मिनिटं झाली की कॉल संपवायचा, असा नियम होता. रोहिणी खुर्चीत सरळ बसली आणि मी अनेक वर्षांत न ऐकलेल्या त्या सरकारी आवाजात बोलायला लागली.

"ती म्हणतेय, पाव्हणं आलं ते आलं, जोडं घालूनच बसलं."

"पुढं?"

"ती म्हणतेय, काजळ घातलं ते कुणासाठी, एवढं तरी विचारायचं."

"मग?"

"तेच पुन्हा म्हणतेय. दोनदा."

ढोलकी चढली. बाईनं काहीतरी लांबवून म्हटलं आणि मागची मंडळी ओरडली. ऋजुतानं तोंडावर हात ठेवला.

"आता काय म्हणाली?"

"ते सांगता येणार नाही."

"ऑपरेटरनं निरोप गाळायचा नसतो."

"आपली तीन मिनिटं संपली," रोहिणी सपाट आवाजात म्हणाली आणि मग तिला स्वतःलाच आवरेना. ती हसत सुटली. मी तिला इतकं हसताना तेजूच्या बारशानंतर पाहिलं नसेल.

मग आम्ही कामाला लागलो. तीच लावणी ब वर, मग क वर. पद्धत रोहिणीनं ठरवली. एक ओळ झाली की ऋजुता थांबवायची, आणि मला काय ऐकू आलं ते मी म्हणायचं. लाइन तपासताना ते असंच करायचे म्हणे. ब वर मी "काजळ" ऐवजी "कागद" म्हणालो आणि "जोडं" ऐवजी "घोडं". पाव्हणं घोडं घालून बसलं. ब फार गोड होता, पण त्याचं सगळं सौंदर्य वरच्या स्वरांत होतं, जिथं माझा पत्ताच नव्हता. क दिसायला अगदी साधा. काळे चौकोनी डबे आणि मधोमध एक मोठं गोल बटण. पण त्यावर माणसाचा आवाज असा पुढं यायचा, की मधली धूळ कुणी पुसल्यासारखी वाटायची. क वर मला दहांतल्या सात ओळी कळल्या. गाळलेली ओळसुद्धा अर्धी कळली. मी रोहिणीकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"यंत्रं आल्यावर पुन्हा ऐकून मग ठरवायचं?" ऋजुतानं विचारलं.

मी रोहिणीला म्हणालो, "सांग तू."

"हाच," ती म्हणाली. "यंत्रांशिवाय याच्यावर एवढं कळतंय, तर यंत्रं आल्यावर कळेलच. आणि याचं बटण मोठं आहे. मला चष्म्याशिवाय बंद करता येईल."

साडेतीन फुटांत तो नीट बसला, भिंतीपासून वीतभर पुढं. तीन आठवड्यांनी कानांतली यंत्रं आली. पहिले चार दिवस प्लास्टिकची पिशवी चुरगाळली तरी मला दरड कोसळल्यासारखं व्हायचं. स्वतःच्या चपलांचा आवाज मला असभ्य वाटला. मग सवय झाली.

नव्या घरातली पहिली रविवारची बैठक भरली तेव्हा आठ माणसांसाठी जागाच नव्हती. पाच आले. निकमसर दाराजवळ, नाना वेताच्या मोड्यावर. मी निकमसरांना आधी बायकोची तब्येत विचारली. ते चकित झाले आणि बराच वेळ बोलले. मी "अगदी बरोबर" एकदाही म्हणालो नाही.

संच सुरू झाला. मंडळी वाकून वाकून बघत होती, एवढ्याशा डब्यांतून एवढं कसं येतं म्हणून.

"निवड अर्थात जगदाळ्यांची," नाना म्हणाला. "पण मला वाटलं होतं, ब घेशील. क का घेतलास?"

रोहिणी आत चहा करत होती. मला तिच्या चमच्याचा आवाज येत होता, कपाच्या आतून फिरणारा. 'हो, बराच विचार केला' एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. ती आतून काही बोलली नसती, हे मला पक्कं माहीत होतं.

"निवड तिची आहे," मी म्हणालो. आणि मग सगळंच सांगितलं. कॅसेट साफ करणारा तो मुलगा, पुण्याचं दुकान, डॉक्टरबाईंकडं मोजून दाबलेलं बटण, सगळं. कानातलं यंत्र काढून दाखवलं. मंडळी बटणाच्या गोष्टीला खो खो हसली. निकमसर तर डोळे पुसत होते. रोहिणी चहा घेऊन आली तेव्हा मी उठून ट्रे घेतला. तिला बसायला मी माझी खुर्ची दिली आणि स्वतः सतरंजीवर बसलो. "आता तुम्ही सांगा काय लावायचं," मी तिला सगळ्यांदेखत म्हणालो. मी तिला 'तुम्ही' म्हणालो हे मला मागाहून कळलं. तिनं फडावरची मागितली. निकमसरांनी दुसऱ्या ओळीला ताल धरला.

एकटा नाना हसला नव्हता. चहा झाल्यावर तो लगेच उठला. दवाखाना नसलेल्या माणसाला कसलं काम, पण काम आहे म्हणाला.

सोमवारी दहाच्या सुमारास त्याचा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलला. मग त्या संचाच्या तारांविषयी काहीतरी विचारलं.

"बरं, एक सांग," तो शेवटी म्हणाला. "त्या डॉक्टरबाईंचा नंबर आहे का तुझ्याकडं? माझ्यासाठी नाही. माझा एक मित्र आहे."

"कोण मित्र?"

"तू ओळखत नाहीस."

मी नंबर सांगितला. त्यानं तो पुन्हा म्हणून दाखवला. सातच्या जागी आठ म्हणाला. मी दुरुस्त केला, एकेक आकडा वेगळा करून, सावकाश.

"आणि तुझ्या मित्राला सांग," मी म्हणालो, "बायकोला बरोबर घेऊन जा म्हणावं. तिला सगळं आधीच माहीत असणार."

नानानं तिकडं घसा खाकरला. मग म्हणाला, "मी तुला परत फोन करतो," आणि फोन ठेवायच्या आधी त्यानं घरात हाक मारलेली मला स्पष्ट ऐकू आली.